घरातील डिजिटल फाइलींचे जतन आणि बॅकअप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न घरच्या संगणकावर आणि फोनवर साठत गेलेल्या फाइलींविषयी आहेत: फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रांचे स्कॅन, पत्रव्यवहार आणि स्वतःचे लेखन. कार्यालयात हे काम पाहायला माणसे नेमलेली असतात; घरात ते कुणीतरी एकाने आपणहून अंगावर घ्यावे लागते. ज्यांनी ते घेतले आहे किंवा घ्यायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत.

बॅकअप नेमका कशाला म्हणायचे?

मूळ फाइल गेली तरी जी शाबूत राहील आणि हवी तेव्हा उघडता येईल, अशी दुसरी प्रत म्हणजे बॅकअप. या दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. एकाच लॅपटॉपवर दोन फोल्डरांत ठेवलेली फाइल पहिल्या अटीत बसत नाही, कारण डिस्क बंद पडली की दोन्ही प्रती एकदमच जातात. आणि ज्या डिस्कचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, तिच्यावरची प्रत दुसऱ्या अटीत बसत नाही.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो फाइली हलवण्यात. फोनमधली जागा संपते, म्हणून फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेले जातात आणि फोनमधून पुसले जातात. घरात त्या डिस्कला सगळे ‘बॅकअपची डिस्क’ म्हणू लागतात, पण प्रत आता एकच उरलेली असते. फक्त तिची जागा बदललेली असते. म्हणून कुणी ‘सगळे हार्ड डिस्कवर आहे’ असे सांगितले की मी आधी एकच गोष्ट विचारतो: आणखी कुठे आहे?

माझे फोटो आपोआप क्लाउडवर जातात. मग वेगळा बॅकअप कशासाठी?

बहुतेक क्लाउड सेवा जे करतात ते सिंक असते, म्हणजे सर्व उपकरणांवर एकच स्थिती राखणे. तुम्ही फोनवर फोटो पुसला की तो सगळीकडून पुसला जातो, आणि तेच तिचे काम आहे. कचरापेटीत तो काही दिवस राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, तर गूगल ड्राइव्हमधील फाइल ३० दिवस राहते. चूक त्या मुदतीत ध्यानात आली तर ठीक. पण दोन वर्षांपूर्वीच्या सहलीचा अल्बम चुकून पुसला गेला असेल, तर तो गेल्याचे सहसा पुढच्या वेळी आठवण निघते तेव्हाच कळते.

दुसरा धोका खात्याचा आहे. खाते बंद झाले, पासवर्ड हरवला किंवा ओटीपी येणारा मोबाइल क्रमांकच बदलला, तर फाइली सुखरूप असूनही आपल्या हाती लागत नाहीत. सेवांचे नियमही बदलतात. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ रोजी संपली आणि तेव्हापासून नवे फोटो खात्याच्या १५ जीबीमध्ये मोजले जातात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतात, असे धोरण गूगलने २०२३मध्ये जाहीर केले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मायस्पेसवर लोकांनी बारा वर्षांत चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९मध्ये उघड झाले, आणि ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांचे काम कायमचे गेले.

म्हणून क्लाउड वापरू नये, असे मात्र मुळीच नाही. घराबाहेर राहणारी आणि आपोआप अद्ययावत होणारी प्रत मिळवण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही. फक्त ती अनेक प्रतींपैकी एक असावी. वर्षातून एकदा तेथील सगळा संग्रह उतरवून घ्यावा. गूगलच्या बाबतीत त्यासाठी ‘टेकआउट’ ही सोय आहे. अशा उतरवलेल्या संग्रहात फोटोंसोबत जेसन प्रकारच्या छोट्या फाइली येतात. त्या निरुपयोगी वाटतात, पण तारीख, ठिकाण आणि आपण लिहिलेली टिपणे अनेकदा त्यांतच असतात, तेव्हा त्या पुसू नयेत.

फोनवर जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. अशा वेळी मूळ मोठा फोटो क्लाउडवर असतो आणि फोनमध्ये त्याची लहान आवृत्ती राहते. तो फोन केबलने जोडून ‘सगळे फोटो उतरवले’ असे समजणारे काही वेळा या लहान आवृत्त्याच घेऊन बसतात.

किती प्रती असाव्यात?

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरासाठी आजही उत्तम आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पहिली प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर, एवढ्याने नियम पूर्ण होतो. क्लाउड नको असेल तर दुसरी हार्ड डिस्क विश्वासातल्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी आणि भेटीगाठी होतील तेव्हा डिस्कांची अदलाबदल करावी.

घराबाहेरची प्रत लोकांना अतिरेक वाटते. पण आग, पूर, चोरी आणि विजेचा मोठा झटका या चारही प्रसंगांत लॅपटॉप आणि त्याच्या शेजारच्या खणातली हार्ड डिस्क एकाच दिवशी जातात.

फाइली हजारो आहेत. सुरुवात कुठून करावी?

जे पुन्हा मिळणार नाही तिथून. डाउनलोड केलेले चित्रपट आणि प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. मुलाचे पहिले पाऊल टाकतानाचे चित्रीकरण मिळत नाही. आधी वर्गवारी, मग बॅकअप, असा क्रम ठरवणाऱ्यांची वर्गवारी वर्षभर चालते आणि बॅकअप राहून जातो. त्यामुळे आज जे जसे आहे तसे, पसाऱ्यासकट, दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. पसारा नंतर सावकाश आवरता येतो.

हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह की डीव्हीडी?

घरातल्या मुख्य बॅकअपसाठी फिरत्या तबकड्यांची साधी बाहेरची हार्ड डिस्क हा अजूनही सर्वात समंजस पर्याय आहे, कारण कमी खर्चात भरपूर जागा मिळते आणि ती बिघडण्यापूर्वी बरेचदा काही चिन्हे दाखवते: फाइल उघडायला लागणारा वेळ वाढतो, कॉपी मध्येच थांबते, टकटक आवाज येतो. ती पडू देऊ नये, चालू असताना हलवू नये आणि चारपाच वर्षे झाली की तिच्यावरची सामग्री नव्या डिस्कवर न्यावी. जुनी चालत असेल तर ती जादा प्रत म्हणून राहू द्यावी, मात्र तिच्यावर विसंबू नये.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, वेगवान असते आणि धक्का सोसते, पण खणात ठेवून विसरून जाण्यासाठी ती योग्य नाही. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि तो भार वीज नसताना हळूहळू ओसरतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने, तिची लिहिण्याची ठरलेली क्षमता पुरती वापरून झाल्यावर, ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेशिवाय एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ टिकवते. तरीही दहा वर्षांसाठी बंद करून ठेवायच्या संग्रहाची ती एकमेव जागा असू नये. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड याच जातीचे, शिवाय लहान आणि हरवायला सोपे. ते ने-आण करण्यासाठी वापरावेत.

घरी लिहिलेल्या सीडी आणि डीव्हीडीमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. उजेड आणि उष्णतेने तो खराब होतो, आणि काही तबकड्या थोड्याच वर्षांत वाचता येईनाशा होतात. तुमच्याकडे अशा तबकड्यांचा जुना गठ्ठा असेल तर तो हार्ड डिस्कवर उतरवण्याचे काम लांबणीवर टाकू नये, कारण त्या वाचणारे ड्राइव्हही आता नव्या लॅपटॉपमध्ये नसतात.

ठेवण्याविषयी एक लहान पण उपयोगी सूचना: डिस्क आणि तिची केबल एकाच पिशवीत ठेवावी. अनेक बाहेरच्या हार्ड डिस्कना रुंद, दोन भागांचे तोंड असलेली केबल लागते, आणि नेमकी तीच ऐन वेळी सापडत नाही. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि डिस्कवर शेवटच्या बॅकअपची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

१ टीबीची डिस्क संगणकावर ९३१ जीबीच का दिसते?

फसवणूक नाही. उत्पादक १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट धरतात, तर विंडोज दर पायरीला १००० ऐवजी १०२४ने भागून जीबी मोजते. बाइट तेवढेच असतात, मोजमाप वेगळे.

नवी डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट करावी?

एकाच प्रकारचे संगणक वापरत असाल तर त्या प्रणालीची स्वतःची पद्धत चांगली: विंडोजसाठी एनटीएफएस, मॅकसाठी एपीएफएस. दोन्हीकडे वापरायची असल्यास एक्सफॅट निवडावी. फॅट३२ टाळावी, कारण तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि लांब व्हिडिओ तिथेच अडकतात. एक्सफॅट डिस्क मात्र ‘इजेक्ट’ केल्याशिवाय कधीही ओढून काढू नये; लिहिणे अर्धवट राहिले तर ते सावरून घेण्याची व्यवस्था तिच्यात एनटीएफएससारखी नसते.

बॅकअप खरोखर नीट झाला आहे, हे कसे समजावे?

फाइल परत आणून आणि उघडून. दुसरा कोणताही पुरावा पुरेसा नाही, आणि या पानावरचा हा एकच प्रश्न वाचला तरी चालेल इतका तो मला महत्त्वाचा वाटतो.

मी माझ्या आजीच्या आवाजातले एक लांब ध्वनिमुद्रण फोनवरून हार्ड डिस्कवर उतरवले होते. डिस्कवर फाइलीचे नाव होते, आकारही बरोबर दिसत होता. काही आठवड्यांनी सहज तपासावे म्हणून ते वाजवले, तर अकराव्या मिनिटाला आजीचे वाक्य अर्धवट तुटले आणि पुढे नुसती शांतता. कॉपी पूर्ण झाल्याचे दिसताच मी केबल ओढून काढली होती. प्रत्यक्षात शेवटचा भाग डिस्कवर लिहिला जायचा बाकी होता. मूळ फाइल फोनमध्ये अजून होती म्हणून ते वाक्य आज पूर्ण ऐकता येते. जागा हवी म्हणून मी ती त्याच संध्याकाळी पुसली असती, तर ऐकता आले नसते.

फोटोंच्या बाबतीत लहान चित्रांवर विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्याने काढलेल्या जेपीईजी फाइलीत मूळ चित्राबरोबर त्याचे एक चिमुकले रूप वेगळे साठवलेले असते. फोल्डरमध्ये ते स्वच्छ दिसते, आणि फोटो पूर्ण उघडल्यावर वरचा अर्धा भाग नीट, खाली मात्र राखाडी पट्टा, असा प्रकार आढळतो. म्हणून दर तीन महिन्यांनी वेगवेगळ्या वर्षांतल्या दहावीस फाइली निवडून त्या दुसऱ्याच संगणकावर पूर्ण उघडाव्यात, आणि व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून पाहावेत.

सगळ्याच फाइली अशा डोळ्यांनी तपासणे शक्य नसते. त्यासाठी चेकसम वापरतात. एसएचए-२५६ ही पद्धत फाइलीतल्या सर्व बाइटांवर गणित करून ६४ अक्षरांची एक ओळ देते. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. मूळ आणि प्रत यांच्या ओळी तंतोतंत जुळल्या, तर प्रत बरोबर उतरली आहे असे निःशंकपणे म्हणता येते. ही ओळ काढण्याची सोय विंडोज आणि मॅक या दोन्हींत आधीपासून असते, आणि संपूर्ण फोल्डरची यादी एकदम करून देणारे मोफत प्रोग्रॅमही मिळतात. ती यादी संग्रहाबरोबरच ठेवावी. पाच वर्षांनी डिस्क बदलताना तिचा खरा उपयोग होतो.

बॅकअप किती वेळा घ्यावा?

स्वतःला विचारावे: किती दिवसांचे काम गेले तर चालेल? रोज लिहिणाऱ्याला एक दिवससुद्धा जड जाईल. केवळ फोटो साठवणाऱ्याला महिना चालेल, पण लग्नाचे किंवा प्रवासाचे फोटो त्याच आठवड्यात उतरवावेत. शक्य तेथे काम यंत्रावर सोपवावे. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आणि मॅकमध्ये २००७पासून असलेले ‘टाइम मशीन’ बदललेल्या फाइली स्वतःहून उतरवतात आणि जुन्या आवृत्त्याही राखतात, त्यामुळे गेल्या मंगळवारचा मसुदा परत मिळू शकतो.

पहिल्या वेळी मात्र धीर धरावा. सेकंदाला १०० एमबी या वेगाने १ टीबी उतरवायला सुमारे पावणेतीन तास लागतात, आणि बारीक फाइली पुष्कळ असल्या तर याहून बरेच जास्त. सेकंदाला १० मेगाबिट अपलोड असलेल्या जोडणीवर १०० जीबी क्लाउडवर चढवायला जवळपास २२ तास लागतात. हे आधी ठाऊक असले म्हणजे ‘अडकले वाटते’ असे समजून काम मध्येच तोडण्याचा मोह होत नाही.

बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवली तर?

सोयीचे आहे, पण ती एकमेव बॅकअप डिस्क असेल तर धोक्याचे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम, संगणकात शिरल्यावर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करते. मे २०१७मधल्या वॉनाक्रायच्या हल्ल्यात जगभर लाखो संगणकांवरचे काम असेच अडकले. शक्य असल्यास दोन डिस्क ठेवाव्यात: एक जोडलेली आणि एक काम झाले की काढून ठेवलेली.

याच संदर्भात रेडचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येतो. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी पेटी घेतली म्हणजे बॅकअप झाला, असे नाही. तेथे एक डिस्क बिघडली तर काम अडत नाही, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो जपावेत का?

दुसरे काहीच नसेल तर जरूर जपावेत. पण फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप तो लहान करते आणि काढल्याची तारीख, ठिकाण ही आतली माहिती काढून टाकते. म्हणून कुटुंबातल्या कार्यक्रमाचे फोटो गोळा करताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, किंवा ड्राइव्हची लिंक मागवावी. काकांच्या फोनमधला मूळ फोटो पुढच्या वर्षी तो फोन बदलल्यावर मिळणार नाही. मागायचा तो आताच.

फाइलींना नावे कशी द्यावीत?

तारीख आधी, आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने: ‘२०१९-११-०३ आत्याचे घर’. असे केल्याने नावांचा क्रम आणि काळाचा क्रम आपोआप एकच होतो. आकडे सर्वत्र एकाच लिपीत ठेवावेत, देवनागरी आणि रोमन मिसळले की क्रम बिघडतो. मराठी नावे द्यायला आता काहीच हरकत नाही. तिरकी रेघ, विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि तारका ही चिन्हे मात्र विंडोज नावांत स्वीकारत नाही. फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नयेत, कारण विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत असेल तरच फाइल उघडतात, आणि कॉपी करताना नेमक्या तशा फाइली मागे राहतात.

कोणत्या स्वरूपातील फाइली जास्त काळ उघडतील?

ज्यांची रचना जाहीर आहे आणि ज्या अनेक कंपन्यांचे प्रोग्रॅम उघडू शकतात, त्या. फोटोंसाठी जेपीईजी, पीएनजी आणि टिफ. आवाजासाठी वेव्ह आणि फ्लॅक. लेखनासाठी साधा मजकूर आणि पीडीएफ/ए. पीडीएफ/ए हे जतनासाठीच २००५मध्ये प्रमाणित झालेले रूप आहे आणि त्यात फॉन्ट फाइलीच्या आतच ठेवणे बंधनकारक असते. आयफोन २०१७पासून वापरत असलेले एचईआयसी चांगले आहे, पण जुने संगणक ते उघडत नाहीत. मूळ फाइल ठेवून महत्त्वाच्या फोटोंची जेपीईजी प्रतही करून ठेवावी.

स्वरूप आणि यंत्र दोन्ही कालबाह्य झाले की काय होते, याचे उदाहरण बीबीसीच्या १९८६च्या डूम्सडे प्रकल्पाचे आहे. त्यात लोकांनी आपल्या परिसराची माहिती लेझर डिस्कवर नोंदवली होती. पंधराएक वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली आणि सामग्री वाचवण्यासाठी तज्ज्ञांना वेगळे प्रयत्न करावे लागले.

जुनी मराठी फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. ती खराब झाली आहे का?

बहुधा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे, पण घरोघरी युनिकोडमधून टंकलेखन रुळायला बराच काळ गेला. तोवर मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टाइप होत असे. या फॉन्टांत अक्षर साठते एक आणि दिसते दुसरे. कृतिदेवमध्ये ‘क’ दिसतो, तेव्हा फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी ‘डी’ हे लहान अक्षर असते. ‘म’ दिसतो तेथे ‘ई’ असते. फॉन्ट संगणकावर असेपर्यंत मराठी दिसते. नवा लॅपटॉप घेतला, फॉन्ट आला नाही, की वडिलांनी मेहनतीने लिहिलेल्या आठवणी निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतात. फाइल जशीच्या तशी असते; तिचा अर्थ सांगणारी किल्ली हरवलेली असते.

उपाय क्रमाने करावेत. मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत काढावी. नेमका फॉन्ट शोधावा. त्याचे नाव बहुतेक वेळा वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत दिसते. जुना संगणक अजून चालत असेल तर तो मोडीत काढण्यापूर्वी त्याच्यावरचे सगळे फॉन्ट कॉपी करून घ्यावेत आणि तेथेच प्रत्येक फाइलीची, फॉन्ट आत घेतलेली, पीडीएफ करावी. म्हणजे मजकूर निदान डोळ्यांना वाचता येईल. त्यानंतर परिवर्तकाच्या, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मदतीने युनिकोड मजकूर तयार करावा आणि तो पीडीएफशी ओळीओळीने ताडून पाहावा.

हे ताडणे टाळू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफार तर आपल्या अक्षरापासून दूरच पडलेला असतो. परिवर्तक हे बरेचसे सांभाळतो, पण जोडाक्षरांत चुकतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा ‘र’ वारंवार बिघडवतो. हे काम वेळखाऊ आहे. तरीही घरातल्या सगळ्या डिजिटल जतनात मराठी माणसाने आधी हाती घ्यावे असे हेच काम आहे, कारण ते फॉन्ट ओळखणारी माणसे आणि ते चालवणारे संगणक दोन्ही कमी होत आहेत.

कागदावरचे फोटो आणि जुन्या कॅसेट यांचे काय करावे?

कागदपत्रे ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० बिंदू) आणि फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत. फोटोच्या पाठीवर काही लिहिले असेल तर ती बाजूही स्कॅन करावी. कोण कोण उभे आहे हे अनेकदा फक्त तेथेच असते. कॅसेटला प्राधान्य द्यावे, कारण फिती खराब होतात आणि वाजवणारी यंत्रेही मिळेनाशी होत आहेत. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइलीत उतरवावा आणि ऐकण्यासाठी तिची एमपी३ प्रत काढावी. डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ वस्तू टाकून देऊ नये.

डिस्कला पासवर्ड लावावा का?

ओळखपत्रे, बँकेची कागदपत्रे आणि वैद्यकीय अहवाल असलेल्या, विशेषतः घराबाहेर ठेवायच्या डिस्कला जरूर लावावा. विंडोजमध्ये बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट व एनक्रिप्ट केलेली डिस्क यांची सोय आहे. बिटलॉकर देतो ती ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून वेगळी ठेवावी. ती हरवली आणि पासवर्डही विसरला, तर तज्ज्ञालासुद्धा काही करता येत नाही. याच कारणाने कौटुंबिक फोटोंची निदान एक प्रत घरात पासवर्डशिवाय असावी, असे माझे मत आहे.

डिस्क बंद पडली किंवा फाइली पुसल्या गेल्या, तर सर्वप्रथम काय करावे?

थांबावे. हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल तिच्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत बरेचदा परत मिळू शकते, म्हणून त्या डिस्कवर काहीही साठवू नये आणि परत मिळवण्याचा प्रोग्रॅमही तिच्यावर टाकू नये. संगणकातल्या एसएसडीवर ही शक्यता फार कमी असते, कारण ट्रिम या सोयीमुळे पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी केली जाते. टकटक आवाज करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये आणि घरी उघडू तर मुळीच नये. धुळीचा एक कण तबकडीवर ओरखडे पाडू शकतो. सामग्री मोलाची असेल तर तशीच बंद ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी.

माझ्यानंतर हे सगळे घरच्यांना कसे मिळेल?

त्यासाठी आजच दोन गोष्टी कराव्यात. पहिली, खात्यांमधली. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय आहे. खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर तुम्ही निवडलेल्या व्यक्तीला कळवून तिला निवडक माहिती उतरवू देता येते. ॲपलने डिसेंबर २०२१मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही सोय दिली. तिच्यासाठी एक प्रवेश-किल्ली मिळते. ती नेमलेल्या व्यक्तीकडे पोचवावी लागते, आणि ती वापरताना मृत्यूचा दाखलाही द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट कागदावरची. एका पानावर लिहावे: किती डिस्क आहेत, त्या कुठे आहेत, कोणत्या केबलने जोडायच्या, कोणत्या फोल्डरात काय आहे, कोणती क्लाउड खाती चालू आहेत आणि त्यांचे पैसे कोणत्या कार्डावरून जातात. पासवर्ड त्याच पानावर लिहू नयेत. ते कुठे मिळतील एवढे लिहावे. मग संगणकात फारसा रस नसलेल्या घरातल्या एखाद्या व्यक्तीला ते पान देऊन, आपण काहीही न बोलता शेजारी बसून, ठरवलेला एक जुना फोटो शोधून उघडायला सांगावे. ती व्यक्ती जेथे अडेल, तेथे पानावर आणखी एक ओळ लिहावी.